कच्चा लिंबू

लपाछपी असो की डबा ऐसपैस, खेळाचे नियम गल्लीगणिक बदलतात. पण कच्च्या लिंबाचं कलम सगळीकडे कायम. कुणाचा तरी धाकटा भाऊ नाक ओढत मागे लागतो, "त्यालाही घ्या रे" असा घरातून हुकूम सुटतो, आणि तो कच्चा लिंबू होतो. तो आउट झाला तरी आउट नाही. मात्र त्यानं कुणाला आउट केलं तर तेही धरत नाहीत. सवलत आहे, पण व्याज लावून. हा मसुदा कुणा तरी कॉमर्सवाल्यानंच केला असणार, अशी आपली माझी समजूत आहे.

सध्या आमच्या यवतमाळच्या घरात यावरून दोन तट पडलेत. धाकटा भाचा पोकेमॉन खेळतो. त्यात प्राण्यांच्या 18 जाती. आगीवर पाणी भारी हे कुणीही सांगेल. पण परीवर पोलाद भारी, हे कोणत्या शास्त्रात बसतं? अठरा गुणिले अठरा, म्हणजे 324 नोंदींचं लेजर पाठ हवं. 2016 च्या 'सन' आणि 'मून'पासून कोणता वार चालेल, कोणता नाही, हे खेळच वाराखाली लिहून दाखवतो. थोरल्या भाच्यानं हे लेजर एके काळी पाठ केलेलं. तो भडकतो, "काऊन बे, पेपरात उत्तरं छापून आल्यावर त्याले परीक्षा म्हणतेत का?"

ही तक्रार नवी नव्हे. भीम-दुर्योधनाच्या गदायुद्धात भीमाला खूण कृष्णानं केली असं आपण समजतो. महाभारतात कृष्णाचं बोलणं ऐकून मांडीवर थाप मारतो तो अर्जुन. काम झालं. लगेच बलराम नांगर उगारून भीमावर धावला, कारण कमरेखाली वार करायचा नाही हा गदेचा नियम, आणि दोघंही त्याचेच शिष्य. आमचा थोरला भाचा हा बलरामाच्या पक्षाचा.

पण एक गोष्ट बलराम विसरला. दुर्योधनानं तेरा वर्षं भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर गदा चालवून सराव केला होता. मांडी कुठे आहे हे कळलं म्हणून ती सापडते थोडीच! दुर्योधन वार चुकवायला उडी मारतो, नेमक्या त्याच क्षणी भीमाची गदा पोचते. ती वेळ थाप मारून सांगता येत नाही. उलट अभिमन्यूकडे पाहा. चक्रव्यूहात शिरायचं कसं एवढंच त्याला ठाऊक, बाहेर पडायचं कसं ते नाही. अपेक्षित प्रश्नसंचाचा पहिलाच भाग हाती लागावा, तसं ते झालं.

व्हिडिओ गेमच्या जगातली सगळ्यात नामांकित मांडीवरची थाप जपानची. 1986 मध्ये काझुहिसा हाशिमोतो हे कोनामी कंपनीचे गृहस्थ 'ग्रॅडियस' हा खेळ घरगुती यंत्रासाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो शेवटापर्यंत खेळायचा, तर त्यांना स्वतःलाच जमेना! म्हणून त्यांनी बटणांची एक गुप्त ओळ आत घातली: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. सगळी शस्त्रं हजर. ती ओळ विक्रीच्या खेळातही राहिली. म्हणजे जगातला पहिला नामवंत कच्चा लिंबू खेळ बनवणाराच.

2009 मध्ये निन्टेन्डोनं मारिओच्या खेळात हे उजळ माथ्यानं केलं. एकाच टप्प्यात आठ वेळा मेलात की एक हिरवा ठोकळा येतो. तो फोडला की लुइजी तो टप्पा खेळून दाखवतो. मला हे पसंत आहे. आधी आठदा पडा, मग विचारा. न लढता मिळालेली सूचना लढाई नासवते, लढून हरल्यावर मिळालेली शिकवते. आणि धाकट्याच्या बाजूनं सांगायचं तर, पोकेमॉनसुद्धा ती चिठ्ठी पहिल्या भेटीत देत नाही; त्या जातीशी एकदा गाठ पडावी लागते. हे थोरल्याला दोनदा सांगितलं. तो ऐकत नाही, कारण पाठांतराचे कष्ट फुकट गेल्याचं दुःख हिशेबानं भागत नाही.

आमच्या लहानपणी हिरवा ठोकळा नव्हता. व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं, टीव्ही चार, पोट्टे चाळीस. 'कॉन्ट्रा' हा 1988 चा खेळ. एका डावाला एक रुपया, आणि डावात जीव तीन. हाशिमोतोंचीच ओळ दाबली की तीसचे तीस. ती ओळ कुणाच्या तरी नागपूरच्या मामेभावाकडून यवतमाळला आली, आणि दोन दिवसांत अख्ख्या शाळेला पाढ्यासारखी पाठ झाली.

तीस जीव घेऊन आम्ही निघालो खरे, पण तिसऱ्या टप्प्यात उभा धबधबा लागतो. जोडीदार भराभर वर चढला की पडदा वर सरकतो, आणि खाली राहिलेला मरतो. कित्येकांचे तीसही तिथंच गेले, शत्रूची गोळी न लागता. तरी मजा होती. ज्यांना तीन जिवांत पहिला टप्पासुद्धा दिसला नव्हता त्यांनी धबधबा पाहिला. पाचवीतली पोरं रांगेत दिसू लागली. तोवर ती नुसती दारात उभी राहून बघायची.

या सुलभतेचा तोटा झाला तो एकाच माणसाला. एका रुपयात तीस जीव म्हणजे पाऊण पाऊण तास टीव्ही अडलेला. मालकांनी आठवडाभर सोसलं. मग एके दिवशी भिंतीवर घड्याळ लागलं, आणि खाली खडूनं लिहिलं: दहा मिनिटं, एक रुपया.