प्रभातच्या चित्रपटांची फेरतपासणी

नाटक कितीही जुने झाले तरी त्याचे वय झाकता येते. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने आपापल्या सोयीनुसार त्यातली पदे कमी केली, प्रवेश आवरते घेतले, पात्रांना आपल्या काळातल्या नटांचे कंठ आणि चेहरे दिले. त्यामुळे आज ‘शारदा’चा प्रयोग पाहून घरी परतणाऱ्या प्रेक्षकाला त्या नाटकात नेमके टिकले काय, देवलांची लेखणी की कालच्या दिग्दर्शकाची कात्री, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. चित्रपटाला अशी सवलत नाही. ज्या दिवशी तो पुरा झाला त्या दिवशीचा उच्चार, त्या दिवशीचा प्रकाश आणि त्या दिवशीची समजूत घेऊन तो कायमचा उभा राहतो, आणि पुढच्या पिढीपुढे रुजू होताना त्याला आपल्या जबानीतला एक शब्दही बदलता येत नाही. म्हणूनच ‘तो अजून पाहवतो का’ हा प्रश्न चित्रपटालाच विचारण्यात अर्थ आहे, आणि मराठीपुरता तो विचारायचा झाला तर आरंभ ‘प्रभात’पासून करण्याला पर्याय नाही.

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात झाली. शांताराम वणकुद्रे, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी हे सराफी पेशाचे गृहस्थ, आणि भांडवलाची बाजू मुख्यत्वे त्यांची. ही मंडळी विद्यापीठाच्या पदव्या मिरवणारी नव्हती. पडदा रंगवणे, सुतारकाम, कॅमेरा उघडून पुन्हा जुळवणे, फिल्म धुणे अशी हातांना काळे लावणारी विद्या त्यांनी पेंटरांच्या हाताखाली संपादन केली होती, आणि हीच विद्या पुढे त्यांच्या चित्रपटांची खरी सनद ठरली. १९३३ साली कंपनी पुण्याला आली. एरंडवण्याच्या तेव्हाच्या निर्जन माळावर तिने जो कलागार उभारला, त्यात नटनट्यांपासून शिंप्यांपर्यंत सगळे मासिक पगारावर नोकरीस असत, आणि दामलेमामा व साहेबमामा या घरगुती नावांनी ओळखले जाणारे दामले-फत्तेलाल सकाळपासून कामगारांच्या घोळक्यातच असत.

आरंभीच्या बोलपटांविषयी फार थांबण्याचे कारण नाही. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना मराठी बोलपट, आणि ही त्याची योग्यता कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पण गोविंदराव टेंबे यांचा हरिश्चंद्र ध्वनिग्राहकाच्या धाकाने जागचा हलत नाही, आणि त्या ठोकळेबाज वातावरणात दुर्गा खोटे यांची तारामती तेवढी देहाने आणि नजरेने जिवंत वाटते. ‘अमृतमंथन’ (१९३४) पाहताना राजगुरूच्या डोळ्याने सारा पडदा व्यापला की आजही क्षणभर अंग आक्रसते. तो डोळा मराठीत केशवराव दाते यांचा, हिंदीत चंद्रमोहन यांचा. मात्र डोळ्यांच्या पलीकडे जाऊन बळीप्रथेविरुद्धचा युक्तिवाद सुरू झाला की प्रेक्षक सभ्यपणे घड्याळाकडे पाहू लागतो. युक्तिवाद चुकीचा नाही. तो केव्हाच जिंकून झालेला आहे, आणि जिंकलेल्या वादाची कैफियत पुन्हा ऐकण्याइतके कंटाळवाणे दुसरे काही नसते.

यानंतरच्या दोन वर्षांत जे घडले ते मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९३५ साली प्रभातने बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत घेऊन ‘धर्मात्मा’ काढला. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’. ते सरकारी परीक्षकांना खपले नाही, म्हणून बदलावे लागले. महाराष्ट्राचा सर्वांत लाडका नट, संतचरित्र आणि अस्पृश्यतानिवारणाचा काळाला साजेसा विषय, इतके सगळे एकत्र असूनही लोकांनी त्याला हवा तसा आश्रय दिला नाही. दुसऱ्याच वर्षी त्याच कंपनीने ‘संत तुकाराम’ काढला, त्यात नायकाच्या जागी विष्णुपंत पागनीस हे बालगंधर्वांच्या मानाने फारच कमी प्रसिद्ध असलेले नट घेतले, आणि हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सत्तावन्न आठवडे चालला, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विशेष हे की पागनीसही बालगंधर्वांप्रमाणेच स्त्रीभूमिका करून रंगभूमीवर वाढलेले. मग फरक कुठे पडला? माझ्या समजुतीप्रमाणे तो असा, की बालगंधर्व कॅमेऱ्यासमोरही थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी गात राहिले, आणि पागनीसांनी मात्र शेवटची रांग अस्तित्वातच नाही असे मानले. स्त्रीभूमिकेतून आलेली मार्दवाची सवय त्यांनी टाकून दिली नाही. तीच तुकोबांच्या हळुवार, किंचित वाकलेल्या, कोणाच्या वाटेत न येणाऱ्या चालण्यात मुरवली. आजच्या प्रेक्षकाला त्यांचा अभिनय अभिनय वाटत नाही, याचे श्रेय या मुरवण्याला आहे.

‘तुकाराम’ हा दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट. त्याची पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे, आणि शांताराम आठवल्यांनी त्यासाठी रचलेला एक अभंग तर असा वठला की लोक तो तुकोबांचाच समजून गाऊ लागले. त्या काळी या चित्रपटाची वाखाणणी झाली ती प्रामुख्याने चमत्कारांसाठी: इंद्रायणीतून वर येणाऱ्या वह्या, शेवटी तुकोबांना घेऊन वैकुंठाकडे झेपावणारा गरुड. आज हे चमत्कार पाहताना आपण मनातल्या मनात त्यांना थोडी सूट देतो. गरुडाची पिसे मोजता येतात. पण ज्याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष वेधले नसेल ते अजून जसेच्या तसे आहे. किरकोळ भूमिका करता करता पुढे आलेल्या गौरी यांनी उभी केलेली जिजाई म्हशीला चोळून धुते तेव्हा तिचे हात खरोखरीच म्हैस धुणाऱ्या बाईचे असतात. मूल आजारी पडल्यावर ती त्याला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला उभी राहते तेव्हा ती देवद्रोही वाटत नाही, घरातल्या बेजबाबदार वडीलधाऱ्याशी भांडणारी सून वाटते. नवऱ्याची भक्ती तिला कळत नाही असे नाही. तिच्यापुढचा हिशोब वेगळा आहे, त्यात पोरांचे जेवण आधी येते. दिग्दर्शकांनी हा हिशोब चुकीचा ठरवला नाही, आणि तिला शेवटी गरुडावर बसवण्याचा मोहही आवरला. संतपटाच्या चौकटीत एका गृहिणीची फिर्याद इतक्या निमूटपणे दाखल करून घेणारे हे दोघे कारागीर होते, तत्त्वचिंतक नव्हते. एखाद्या कसबी गवंड्याने देवळाच्या कामात नकळत आपल्याच घराचा उंबरा बसवावा तसे त्यांनी देहूत आपल्या ओळखीचे घर बसवले. ज्या फत्तेलालांच्या कलादिग्दर्शनाने ते देहू उभे राहिले ते जातीने मुसलमान, ही गोष्ट त्या काळी कोणाला सांगण्यासारखी वाटली नाही, आणि ते त्या काळाचे भूषणच म्हणायचे.

‘कुंकू’ (१९३७) ची परीक्षा अधिक अवघड, कारण तो जाणीवपूर्वक काही सांगायला निघालेला चित्रपट आहे. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो शांताराम वणकुद्रे, म्हणजेच शांतारामबापूंनी, दिग्दर्शित केला. विषय ‘शारदे’चाच, म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी, पण ‘शारदे’त नवरानवरी एकाच गोत्राची निघतात आणि लग्न मोडते, म्हणजे अन्यायाच्या तावडीतून मुलगी सुटते ती शास्त्राच्याच एका कलमाने. ‘कुंकू’त लग्न लागते, आणि नाटक जिथे थांबले तिथून चित्रपट सुरू होतो. शांता आपटे यांची नीरा हे लग्न मानीत नाही. ती रडत नाही, घर सोडत नाही, नवऱ्याच्या घरात राहूनच त्याला नवरेपणाचा हक्क नाकारते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही: जे काही ऐकू येते ते त्या घरातच उमटणारे, आणि त्यात लंबकाच्या घड्याळाचे ठोके सर्वांत निर्दय. वकिलीत नाव कमावलेले काकासाहेब आरशासमोर बसून मिशांना कलप लावतात, तेव्हा केशवराव दाते त्या म्हाताऱ्याला खलनायक होऊ देत नाहीत. आपल्याला त्यांची कीव येते, आणि कीव आल्याबद्दल रागही येतो. जवळजवळ शेवटपर्यंत हा चित्रपट असा ताठ उभा राहतो, की त्यानंतर आलेले कितीतरी कौटुंबिक मराठी चित्रपट त्याच्यासमोर भित्रे दिसतात.

तो वाकतो अखेरीस. काकासाहेब आत्महत्या करतात, जाताना नीरेला मुलगी मानतात आणि तिने नवे आयुष्य सुरू करावे अशी इच्छा लिहून ठेवतात. ज्या मुलीने चित्रपटभर स्वतःच्या हिंमतीवर झगडा दिला तिला मुक्ती मिळते ती शेवटी त्याच गृहस्थाच्या औदार्यातून, दानपत्रासारखी. १९३७ साली याहून पुढे जाणे शक्य होते का, असे विचारून निर्मात्यांची पाठराखण करणारे मला ठाऊक आहेत. शक्य असो वा नसो, ज्या चित्रपटाने आपल्याला नीरेच्या बाजूने बसवले त्यानेच शेवटी तिला बाजूला सारून म्हाताऱ्याच्या उदात्ततेवर पडदा पाडावा, हे आज खटकते, आणि खटकावे.

‘माणूस’ (१९३९) मध्ये शाहू मोडकांचा गणपत पोलीस आणि शांता हुबळीकरांची मैना यांची जोडी अजून मन धरून ठेवते. वेगवेगळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांसाठी मैना एकाच गाण्यात निरनिराळ्या भाषांतली कडवी म्हणते ती कल्पना, मास्टर कृष्णरावांची चाल आणि तिच्यातला मुंबईचा दर्प, यांना काळाचा स्पर्श झालेला नाही. पण याच चित्रपटात त्या वेळच्या मुंबईच्या प्रेमपटांची एक थट्टा आहे, जिच्यावर समकालीन प्रेक्षक खदखदून हसला असणार. ज्याची थट्टा तोच आज कोणाच्या ध्यानात नसल्यामुळे तो प्रवेश आता नुसताच विचित्र वाटतो. चित्रपटात सर्वांत आधी काय शिळे होते, याचे हे प्रमाण धरावे. ‘शेजारी’ (१९४१) चा हेतू इतका निर्मळ, आणि जिवबा व मिर्झा यांचे बुद्धिबळाच्या पटावरचे रुसवेफुगवे इतके लोभस, की धरणाच्या कारस्थानाचा सगळा आटापिटा अनावश्यक वाटू लागतो. या चित्रपटानंतर शांतारामबापू प्रभात सोडून मुंबईला गेले आणि १९४२ साली त्यांनी परळला राजकमल उभे केले. १९४५ साली दामलेमामा वारले. मधल्या काळातला ‘रामशास्त्री’ (१९४४) हा एक भक्कम अपवाद वगळला तर प्रभातची कारकीर्द त्यानंतर उतरणीलाच लागली, आणि १९५०च्या पुढे काही वर्षांत कंपनी बरखास्त झाली. तिच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

एवढे निवाडे देऊन झाल्यावर एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. आपण जो पाहतो तो तोच चित्रपट असतो का? त्या काळची फिल्म नायट्रेटची, दिवाळीच्या दारूसारखी पेट घेणारी, आणि पेटली नाही तरी डब्यात बंद राहून चिकट होत होत शेवटी भुकटी होणारी. हजार फुटांच्या एका रिळात सुमारे अकरा मिनिटांचा चित्रपट मावतो. तंबूच्या टॉकीजमधून जत्रेजत्रेला फिरताना रीळ तुटले की चालक दोन टोके जोडी, मधले काही फूट जात, आणि नायिकेचे वाक्य अर्ध्यावरून पुढे उडी मारी. आजचा प्रेक्षक ती उडी दिग्दर्शकाच्या खात्यावर मांडतो. खेळ चालेनासे झाल्यावर पुष्कळ वितरकांनी जुनी रिळे त्यांतल्या चांदीच्या मोहाने भट्टीवाल्यांना वजनावर विकली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी पुढे आयुष्यभर गावोगाव हिंडून जे हाती लागेल ते जमा केले, म्हणून एवढे तरी आपल्या वाट्याला आले. त्यातूनही ८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली, आणि तिथली नायट्रेटची रिळे, प्रभातच्या मूळ प्रतींसह, जळून गेली. आपल्याला दिसतात त्या प्रतींवरून काढलेल्या प्रती. तेव्हा ‘कुंकू’मधला आवाज खरखरतो किंवा ‘तुकाराम’मधली इंद्रायणी धूसर दिसते, याचा दोष प्रभातला देण्याआधी वाचकाने थोडे थांबावे.

आणि वाचकांपैकी कोणाचे वाडवडील टूरिंग टॉकीजच्या किंवा वितरणाच्या धंद्यात असतील, माळ्यावर पत्र्याचे गंजलेले डबे पडून असतील, तर त्यांना एक विनंती. ते डबे भंगारात घालू नका, उन्हात ठेवू नका, विडी-काडी आणि चुलीपासून दूर ठेवा, रीळ स्वतः उलगडायला जाऊ नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एक पत्र टाका. ‘अमृतमंथन’चे असो की नावही वाचता येत नसलेल्या एखाद्या मूकपटाचे, अकरा मिनिटांचे एक रीळसुद्धा त्यांना हवे आहे.