धुळ्याच्या तुरुंगातले अठरा रविवार

छत्रपती संभाजीनगरात हर्सूल कारागृहाच्या भिंतीशेजारून आपण गाडीवर भुर्रकन निघून जातो. आत कुणी पदवीचा अभ्यास करत असेल, हे डोक्यातही येत नाही.

इथून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावमार्गे गेलं की धुळे. तिथल्या तुरुंगात 21 फेब्रुवारी 1932 ला, रविवारी, विनोबांनी सोबतच्या कैद्यांपुढे गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. 19 जूनला अठरावा झाला. ना परीक्षा, ना पदवी. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या शाळेत शिकवलेला हा माणूस इथे विद्यार्थी होऊन बसला आणि ऐकलेलं सगळं लिहून घेत राहिला. त्या लिखाणातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली.

हे आपण कौतुकानं सांगतो, कारण ते स्वातंत्र्यासाठी आत गेले होते. चोरीच्या नाहीतर खुनाच्या आरोपातला कुणी बीएला बसला की सूर बदलतो: आमची पोरं फी भरतात, यांना फुकट? (इग्नू कैद्यांकडून फी घेत नाही, हे खरंच.) पण देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. जामीन कधी होईल, दुसऱ्या तुरुंगात कधी हलवतील, त्यांनाच ठाऊक नसतं. तीन वर्षांच्या पदवीसाठी नाव नोंदवायचं ते कशाच्या भरवशावर?

विनोबांच्या वर्गाला निदान अठरा रविवार सलग मिळाले.