मराठी न्यायालयीन नाट्य आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद

न्यायालयीन नाट्य म्हणजे ज्या नाटकाचा, चित्रपटाचा किंवा दूरचित्रवाणी मालिकेचा मुख्य संघर्ष खटल्याच्या रूपाने मांडलेला असतो, असा कथाप्रकार होय. मराठी रंगभूमीवर १९६०च्या दशकापासून या प्रकाराने लोकप्रियता मिळवली. पुढे तो चित्रपटात आणि दूरचित्रवाणीवर स्थिरावला. या प्रकाराला मिळणाऱ्या प्रतिसादात एक वैशिष्ट्य अनेकदा दिसते. खरे काय घडले हे प्रेक्षकाला न्यायाधीशाआधी ठाऊक असते, त्यामुळे तो निकालाची नव्हे, तर आपल्याला माहीत असलेले सत्य न्यायालयाला केव्हा कळेल याची वाट पाहतो. प्रत्यक्ष न्यायालयात खटला पाहणाऱ्याला सहसा असे आधीचे ज्ञान नसते. न्यायालयीन मालिका आणि प्रत्यक्ष न्यायदान यांतील हा मूलभूत फरक आहे.

== रंगभूमी ==

आचार्य अत्रे लिखित ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्ली येथे झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकर यांचे होते. वेगवेगळी नावे धारण करून स्त्रियांची फसवणूक करणाऱ्या माधव काझी याच्या गाजलेल्या प्रकरणावर हे नाटक आधारलेले आहे. आरोपी लखोबा लोखंडे स्वतःच आपली बाजू मांडतो आणि समोर येणाऱ्या प्रत्येक साक्षीदाराला आपण ती व्यक्ती नसल्याचे सांगतो. प्रभाकर पणशीकर यांनी यात पाच भूमिका साकारल्या. साक्षीतून भूतकाळात आणि पुन्हा न्यायालयात जलद येता यावे यासाठी फिरत्या रंगमंचाचा वापर करण्यात आला. एकच नट सर्व रूपांत दिसत असल्यामुळे आरोपी कोण, याविषयी प्रेक्षकाच्या मनात शंका राहत नाही. त्याची उत्सुकता आरोपी उलटतपासणीतून कसा निसटतो आणि शेवटी कसा सापडतो याभोवती राहते.

विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ मध्ये रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारे ही भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. एका गावी प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी, सामंत या ग्रामस्थाला न्यायालयाचे कामकाज समजावे म्हणून, गंमत म्हणून एक अभिरूप खटला उभा करतात. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभे केले जाते आणि पाहता पाहता खेळातील प्रश्न त्यांच्या खऱ्या खासगी आयुष्यापर्यंत पोहोचतात. येथे प्रेक्षकाचे स्थान बदलते. आरंभी तोही या खेळाला हसत असतो, पण पुढे ते हसूच आरोप करणाऱ्यांच्या बाजूचे होते हे त्याच्या लक्षात येते. या नाटकावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये चित्रपट दिग्दर्शित केला.

== चित्रपट ==

चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित ‘कायद्याचं बोला’ (२००५) या चित्रपटाने न्यायालयाकडे विनोदाच्या अंगाने पाहिले. मकरंद अनासपुरे यांनी त्यात वकिलाची भूमिका केली. ‘माय कझिन व्हिनी’ या अमेरिकी चित्रपटावर तो बेतलेला आहे.

चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात प्रथम दाखवण्यात आला आणि तेथे ‘ओरिझोंती’ विभागात सर्वोत्तम ठरला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १७ एप्रिल २०१५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला. नारायण कांबळे या लोकशाहिरावर, त्याच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केल्याचा आरोप ठेवला जातो. ही भूमिका वीरा साथीदार यांनी, सरकारी वकिलाची भूमिका गीतांजली कुलकर्णी यांनी, तर बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिका विवेक गोम्बर यांनी केली.

या चित्रपटात आवेशपूर्ण भाषणे नाहीत. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर असतो. कायद्याच्या जुन्या तरतुदी एकसुरी आवाजात वाचल्या जातात, साक्षीदार हजर राहत नाही, पुढची तारीख पडते. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजराती अशा भाषा एकाच खटल्याच्या परिघात वावरतात. न्यायालयीन नाट्यातून अपेक्षित असलेला कळसबिंदू जाणीवपूर्वक टाळलेला आहे. त्यामुळे आरोपीवर ओढवलेली खरी शिक्षा म्हणजे निकाल नसून ही प्रक्रियाच होय, असा या चित्रपटाचा अर्थ लावला जातो.

== दूरचित्रवाणी ==

मराठी प्रेक्षकांनी पाहिलेल्या न्यायालयीन मालिकांत हिंदी मालिकांचा वाटा मोठा आहे. सोनी वाहिनीवर नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘अदालत’ या मालिकेत रोनित रॉय यांनी के. डी. पाठक या बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिका केली. खटला एक-दोन भागांत निकाली निघावा, आरोपी निर्दोष असावा आणि खरा गुन्हेगार भर न्यायालयात उघडा पडावा, असा तिचा साचा होता.

मराठी दैनंदिन मालिकांत न्यायालय सहसा कौटुंबिक कथेच्या आधाराने येते. स्टार प्रवाह वाहिनीवर ५ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘ठरलं तर मग!’ ही मालिका याचे ठळक उदाहरण आहे. ‘रोजा’ या तमिळ मालिकेवर ती आधारित आहे. जुई गडकरी यांनी वात्सल्य आश्रमात वाढलेल्या सायलीची, तर अमित भानुशाली यांनी वकील अर्जुन सुभेदारची भूमिका केली. आश्रमाचे चालक मधुभाऊ यांच्यावर खुनाचा आरोप येतो, त्यांच्या सुटकेसाठी धडपडणारी सायली आणि अर्जुन यांचा विवाह कराराने होतो, आणि सायली हीच किल्लेदार कुटुंबाची हरवलेली मुलगी तन्वी आहे हे पात्रांना ठाऊक नसते.

प्रेक्षकाला मात्र मधुभाऊंचे निर्दोषत्व आणि सायलीची ओळख या दोन्ही गोष्टी सुरुवातीपासून माहीत असतात. हा खटला दोन वर्षांहून अधिक काळ मालिकेचा कणा राहिला आणि मालिकेने दर्शकसंख्येच्या साप्ताहिक यादीत दीर्घकाळ वरचे स्थान राखले. ‘अदालत’मध्ये निकाल त्वरित मिळतो, तर येथे तो सतत लांबतो. येथील पकड पात्रांपेक्षा प्रेक्षकाकडे असलेल्या अधिकच्या माहितीवर अवलंबून आहे.

== सुरुवातीच्या भागांचे महत्त्व ==

भारतात दूरचित्रवाणीच्या दर्शकसंख्येचे मापन बार्क ही संस्था करते. निवडक घरांत बसवलेल्या मापकयंत्रांच्या आधारे साप्ताहिक आकडे काढले जातात. दैनंदिन मालिकेचे चित्रीकरण प्रसारणाच्या थोडेच पुढे चालत असल्यामुळे पहिल्या काही आठवड्यांचा प्रतिसाद कथानकाच्या पुढील वळणांवर परिणाम करू शकतो. नाटकाचा किंवा चित्रपटाचा शेवट पहिल्या प्रेक्षकापूर्वीच लिहिलेला असतो. मालिकेतील खटल्याचे तसे नसते. किती साक्षीदार येतील आणि पुरावा केव्हा सापडेल, हे काही अंशी पाहणाऱ्यांच्या संख्येवर ठरू शकते.

न्यायालयीन मालिकेच्या आरंभीच्या भागांविषयी साधारणतः दोन प्रकारच्या अपेक्षा असतात. कथा वेगाने पुढे सरकावी ही पहिली आणि न्यायालयाचे चित्रण खरे वाटावे ही दुसरी. या दोन्ही अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करणे कठीण असते, कारण प्रत्यक्ष खटला मुळातच संथ असतो.

== चित्रण आणि वास्तव ==

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढील सुनावणीचे थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाले. कनिष्ठ न्यायालयांतील साक्षीपुरावा मात्र सर्वसामान्य प्रेक्षकाला घरबसल्या पाहायला मिळत नाही. त्यामुळे ज्याचा न्यायालयाशी कधी संबंध आलेला नाही, त्याची न्यायालयाविषयीची कल्पना मुख्यतः नाट्यातून तयार होते. नेहमी आढळणारे काही फरक पुढीलप्रमाणे आहेत :

* शपथ : पडद्यावर साक्षीदार धर्मग्रंथावर हात ठेवतो. शपथ अधिनियम, १९६९ नुसार ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा पुरेशी असते.
* हातोडा : भारतीय न्यायाधीश सर्वसाधारणपणे हातोडा वापरत नाहीत.
* साक्षीचा क्रम : प्रथम सरतपासणी, नंतर उलटतपासणी आणि आवश्यकता असल्यास फेरतपासणी होते. वकिलाने साक्षीच्या मध्येच लांब भाषण करणे या क्रमात बसत नाही; युक्तिवादाचा टप्पा पुरावा संपल्यानंतर येतो.
* अचानक आलेला पुरावा : फौजदारी खटल्यात पोलिसांच्या अहवालाच्या व संबंधित कागदपत्रांच्या प्रती आरोपीला आधीच द्याव्या लागतात. आवश्यक साक्षीदाराला नंतर बोलावण्याचा अधिकार न्यायालयाला असतो, परंतु तो न्यायालयाच्या आदेशाने वापरला जातो.
* ज्यूरी : १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी पद्धतीला स्थान उरले नाही.

ज्यूरीच्या संदर्भात मुंबईतील नानावटी खटल्याचा उल्लेख नेहमी केला जातो. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली आणि जनमत त्यांच्याकडे झुकले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांनी हा कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे जन्मठेप झाली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली आणि १९६४ मध्ये नानावटींना माफी मिळाली. या प्रकरणावर ‘रुस्तम’ (२०१६) हा चित्रपट आणि ‘द व्हर्डिक्ट – स्टेट व्हर्सेस नानावटी’ (२०१९) ही वेब मालिका निघाली. निकालाआधीच सत्य आपल्याला कळले आहे अशी भावना जनमानसात दृढ झाली, तर पुराव्यावर आधारलेल्या न्यायदानावर किती दबाव येऊ शकतो, हे या खटल्यातून दिसते. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानावा, या तत्त्वाचे महत्त्व अशाच वेळी स्पष्ट होते.

== प्रेक्षक पक्षकार होतो तेव्हा ==

मालिकांचा प्रेक्षक न्यायालयात स्वतः पक्षकार म्हणून जातो, तेव्हा नाट्यातून तयार झालेल्या अपेक्षांची कसोटी लागते. रायगड जिल्ह्यातील रोहा तालुक्याचे उदाहरण घेता येईल. तालुक्यातील धाटाव येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची औद्योगिक वसाहत असून तेथे रासायनिक कारखाने आहेत. येथील रहिवाशाचा दिवाणी दावा किंवा किरकोळ फौजदारी प्रकरण प्रथम रोहा येथील न्यायालयात येते. गंभीर गुन्ह्यांचे खटले सत्र न्यायालयाकडे जातात. जिल्हा व सत्र न्यायालयाचे मुख्य ठिकाण अलिबाग आहे. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, तर उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते.

नामांकित वकिलाचे शुल्क परवडले तरच न्याय मिळतो, असा समज या नाट्यांतून होऊ शकतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळू शकते. धाटावसारख्या औद्योगिक परिसरातील कामगारांसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. यासाठी अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो.

== हेसुद्धा पाहा ==

* तो मी नव्हेच
* शांतता! कोर्ट चालू आहे
* कोर्ट (चित्रपट)
* ठरलं तर मग!
* लोक अदालत