दात्यांचा हिशेब : बेळगावच्या दुकानापासून चाकणच्या मुरमापर्यंत

मागच्या वेळी यंत्र आणि श्रम यांच्या नात्याबद्दल आपण जरा अमूर्त बोललो. काहींनी कळवलं की एखादं हातात धरता येईल असं उदाहरण घ्या. म्हणून आज सायकलचा गिअर. पिंपरी-चिंचवडमधले आमचे बरेच तरुण श्रोते हल्ली 'ग्रॅव्हल बाइक' नावाची सायकल घेतात आणि आम्हाला विचारतात, की गिअर कुठले घ्यावेत, इलेक्ट्रॉनिक घ्यावेत का. तत्त्वज्ञानाच्या मास्तरला हा प्रश्न का विचारावा, हे कोडंच आहे. पण प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो बराचसा आपल्या दारातला आहे.

ग्रॅव्हल म्हणजे खडी. आपल्याकडे तिला मुरमाची सायकल म्हणायला हरकत नाही. रुंद टायर, रेसच्या सायकलीसारखं वळवलेलं हँडल, आणि डांबर संपलं तरी न थांबणारी. आता गंमत बघा, आपल्याकडची काळी दांड्याची सायकल शंभर वर्षं याच मुरमावरून चालली, दुधाच्या किटल्या घेऊन चालली. तिला कोणी वेगळं नाव दिलं नाही.

मराठी मुलखात सायकलचा उद्योगाशी संबंध फार जुना. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात दुकान काढलं ते सायकलींचं. नांगर, पंप, किर्लोस्करवाडी हे सगळं नंतरचं. म्हणजे ज्या घराण्याने महाराष्ट्राला यंत्राची सवय लावली, त्याची सुरुवात दोन चाकं आणि एका साखळीपासून झाली. तेव्हाची सायकल चैनीची वस्तू होती. ती कामगाराची व्हायला अर्धं शतक आणि स्वातंत्र्य लागलं. १९४९ मध्ये मद्रासची टीआय, १९५१ मध्ये सोनीपतची ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाची हीरो, असे कारखाने उभे राहिले आणि सगळ्यांनी मुख्यतः एकच साचा काढला : जड, मजबूत, एका गिअरची सायकल.

याच सुमारास आपला पट्टा जन्माला येतो. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना, मग साठच्या दशकात टेल्को, आकुर्डीला बजाज, चिंचवडला एसकेएफचं बेअरिंग. पाळी सुटल्यावर गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. डबलसीट, बिनदिव्याची आणि बिल्ला नसलेली सायकल पकडायला पोलीस उभे, हे त्या काळच्या सर्वांना आठवत असेल. आणि हे सायकलवरून येणारे हात आत काय करत होते? स्कूटर जोडत होते. ज्यांनी स्कूटर घडवली त्यांनीच पुढे तिच्यासाठी नंबर लावला, आणि सायकल भिंतीला टेकली. यात त्यांचा दोष आम्ही मानत नाही. ज्याने वीस वर्षं एका गिअरवर चढ चढला आहे, त्याने इंजिन मागावं यात नवल काय?

पण मधला एक टप्पा गाळला गेला, तो म्हणजे गिअर. युरोपात तो टप्पा आला, आणि भांडण होऊन आला. फ्रान्समधल्या सेंत-एतिएनचा पॉल द व्हिव्ही, 'व्हेलोसिओ' या नावाने लिहिणारा, डोंगरात सायकल चालवायची तर गिअर बदलता आलाच पाहिजे असं आयुष्यभर सांगत राहिला. समोर होता आंरी देग्रांज, ज्याने पुढे १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू केली. १९०२ मध्येच त्याने लिहून टाकलं होतं, की बदलते गिअर पंचेचाळिशीपुढच्या लोकांसाठी. मर्दाने स्नायूंच्या जोरावर जिंकावं. (आम्ही त्या मर्यादेच्या बरेच पलीकडे असल्यामुळे आम्हाला परवानगी आहे.) टूरमध्ये डीरेलरला, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्राला, मुभा मिळाली ती १९३७ मध्ये. चौतीस वर्षं एक यांत्रिक सोय नैतिक आक्षेपाखाली अडकून पडली.

देग्रांजचा आक्षेप नेमका काय होता? गिअर म्हणजे फसवणूक. याचं उत्तर गॅलिलिओने सोळाशेच्या सुमारास, यंत्रांवरच्या आपल्या छोट्या ग्रंथात, देऊन ठेवलं होतं : यंत्राने निसर्गाला फसवता येत नाही. जोरात जे वाचतं ते अंतरात द्यावं लागतं. गिअर ताकद देत नाही, फक्त तुमची ताकद कुठल्या हप्त्यांत द्यायची ते ठरवतो.

हे हप्ते आपण मोजून बघू, कारण इथेच निवडीचा प्रश्न सुटतो. काळ्या सायकलला पुढे ४४ दाते आणि मागे १८ धरा. पॅडलचा एक फेरा झाला की मागचं चाक ४४ भागिले १८, म्हणजे जवळपास अडीच फेरे घेतं. चाकाचा परीघ २.२३ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात सायकल साधारण ५.४५ मीटर पुढे जाते. मुरमाच्या सायकलला पुढे ४० आणि मागे सर्वांत मोठी चकती ४४ दात्यांची असेल, तर एका फेऱ्यात ती २ मीटरच जाते.

आता चाकणच्या पश्चिमेला भामचंद्राच्या डोंगराकडे किंवा देहूजवळ भंडाऱ्याकडे निघालात असं समजा, आणि मध्ये शेकडा १० चढाचा कच्चा तुकडा आला. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो. मध्यम ताकदीचा माणूस १५० वॅट देतो. मुरमाचा विरोध धरला तर वेग ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास, म्हणजे भरभर चालण्याइतका. काळ्या सायकलवर, तेवढंच वजन धरलं तरी, मिनिटाला १६-१७ फेरे पडतील आणि पॅडलवर सरासरी ५२ किलोचा जोर लागेल. सरासरी, बरं का. पाय खाली जाताना त्याहून पुष्कळ जास्त. कोणी असं चालवत नाही, उतरून ढकलतो. दुसऱ्या सायकलवर तेच ४५ फेरे आणि १९ किलो. माणूस तोच, चढ तोच, वॅट तेच. फरक फक्त गुडघ्याला कळतो.

आणि ४५ फेरेसुद्धा कमीच आहेत. सत्तरच्या आसपास पाय बरे चालतात. म्हणून आमचं म्हणणं असं, की दुकानातली सायकल जशीच्या तशी घेऊ नका. ४०-१० या सर्वांत जड गिअरवर मिनिटाला ९० फेरे मारले तर ताशी ४७ किलोमीटर होतात. मुरमावर ४७? कोण जाणार? पुढची चकती ३६ दात्यांची घ्या. वरचा वेग ४३ वर येईल, जो तुम्हाला कधी लागणार नाही, आणि चढावर ५० फेरे मिळतील. मागे १०-५२ ची डोंगरी सायकलची कॅसेट लावली, तर पुढे ४० ठेवूनही ५३ मिळतात. पण तिथे दोन गिअरमधल्या पायऱ्या मोठ्या होतात, आणि सपाटीवर वारा समोरून आला की नेमका हवा तो गिअर नसतो. ज्यांना ही कुचंबणा नको त्यांनी पुढे दोन चकत्या घ्याव्यात, ४८-३१ किंवा ४६-३०. शिमानोने २०१९ मध्ये खास या सायकलींसाठी जीआरएक्स हा संच काढला, त्यात हे पर्याय आले. पण पुढे दोन चकत्या म्हणजे चिखल अडकायला आणखी एक जागा. आमचा कल एका चकतीकडे.

मग इलेक्ट्रॉनिक. १९९२ मध्ये फ्रान्सच्या मॅव्हिकने 'झॅप' आणलं, १९९९ मध्ये बिनतारी 'मेक्ट्रॉनिक'. कल्पना उत्तम, पण भरवसा नव्हता. पावसात रुसणारं यंत्र शर्यतीत कोण वापरणार? दोन्ही बंद पडली. २००९ मध्ये शिमानोचं डीआय-टू बाजारात आलं आणि टिकलं. त्याच वर्षी चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उघडला. हा निव्वळ योगायोग. पण मोटारीतही गिअर बदलायचं काम हातातून संगणकाकडे सरकायचा तोच काळ होता. २०१५ मध्ये स्रॅमचं ईटॅप आलं, पूर्ण बिनतारी.

यात बदललं काय? जुन्या पद्धतीत बोटापासून डीरेलरपर्यंत पोलादी तार असते. तुमचं बोटच तिकडे काम करतं, आणि तिकडची कुरकुर बोटाला कळते. इलेक्ट्रॉनिकमध्ये बोट फक्त आज्ञा देतं, काम मोटर करते. आज्ञा आणि काम यांची फारकत. कारखान्यात हेच सीएनसी यंत्राने केलं. लेथवर हाताने काम केलेल्या जुन्या कामगाराला विचारा, कापताना धातू बोटाला काय सांगतो ते. ते ज्ञान गेलं, अचूकपणा आला. सायकलच्या बाबतीत मात्र फारकत पूर्ण नाही. गिअर केव्हा बदलायचा हे अजून बहुधा तुम्हीच ठरवता. चढ येण्याआधी, पायावरचा जोर क्षणभर सैल करून. ही खरी कसब, आणि ती मोटर शिकवत नाही.

व्यवहाराचं बोलायचं तर आपल्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिकच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे : धूळ. तार ज्या नळीतून जाते तिच्यात उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल शिरतो, गंज धरतो, आणि गिअर अडखळू लागतो. बिनतारी यंत्रणेत तारच नाही. स्रॅममध्ये लिव्हरमध्ये सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी असते, ती चाकणच्या कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. डीरेलरची बॅटरी मात्र चार्ज करावी लागते. तिकडे दुर्लक्ष झालं तर तुम्ही डोंगरात आणि काळी सायकल तुमच्या पुढे.

विरुद्ध मुद्दा दुरुस्तीचा. तार तुटली तर कोपऱ्यावरचा सायकलवाला दहा मिनिटांत काहीतरी जोडून देतो. मोटर गेली तर त्याच्या हातात काही नाही. आणि सायकल दगडावर आपटली की डीरेलर जिथे टांगलेलं असतं तो ॲल्युमिनियमचा तुकडा, हँगर, वाकतो. तो तारेच्या यंत्रणेतही वाकतो आणि बिनतारीतही. तेव्हा पिशवीत एक जादा हँगर ठेवा. तो तुमच्या फ्रेमला बसणारा हवा, दुसऱ्याचा बसेलच असं नाही. पैसे मोजकेच असतील तर आधी दाते नीट निवडा, मग चांगले टायर, आणि उरले तर इलेक्ट्रॉनिक. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ दिसतात.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. आपल्या पट्ट्यात ट्रकांचे आणि मोटारींचे गिअर कापणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. हजारांश मिलिमीटरची भाषा इथल्या पोरांना येते. तरी मुरमाच्या सायकलचं वरच्या दर्जाचं डीरेलर बाहेरून येतं. कारण कसबाचं नाही, मागणीचं आहे. ज्या देशात सायकल म्हणजे गरिबाची, तिथे तिच्यावर डोकं कोण खर्च करणार? देग्रांजला निदान वाद घालावा लागला. आपल्याकडे वादही झाला नाही. किमतीने परस्पर निकाल दिला.

आणि निकाल अजून चालूच आहे. पहाटे नाशिक रस्त्याच्या कडेने बघा. मुरमाची सायकलवाला ट्रकांना चुकवून आतल्या कच्च्या रस्त्याला लागतो, हौसेने. त्याच कडेने सुरक्षारक्षक आणि कंत्राटी कामगार पाळीला निघालेले असतात, त्यांना आत वळायची सोय नाही. त्यांच्या सायकलला अजूनही ४४-१८.

त्यांच्यासाठीही दात्यांचा हिशेब करता येतो, आणि तो स्वस्त आहे. मागचं १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ चं बसवलं, तर एका फेऱ्यात ५.४५ ऐवजी ४.४६ मीटर. सपाटीवर थोडा वेग जातो. पॅडलवरचा जोर जवळपास अठरा टक्क्यांनी उतरतो. साखळीला एखाद-दोन कड्या वाढवाव्या लागतील, तेवढं सायकलवाल्याला आधी सांगायचं.