जोखमी हुंडी आणि थकलेला विम्याचा हप्ता

व्यापारी घराण्यांच्या दप्तरांत जोखमी हुंडी आढळली म्हणजे संग्राहक ती बहुधा साध्या हुंड्यांच्याच रुमालांत बांधून ठेवितात. आमच्या मतें तिचें स्थान विम्याच्या कागदांत आहे. साध्या हुंडीचा पैसा मालाच्या दैवावर अवलंबून नसतो; जोखमी हुंडीचा मात्र तींत नमूद केलेल्या गलबतावरील माल सुखरूप पोंचला तरच मिळावयाचा. गलबत बुडाल्यास तोटा हुंडी विकत घेणाऱ्याचा. ही जोखीम पत्करण्याचा मोबदला तो हुंडीची किंमत देतांनाच कापून घेई. अर्थात् विम्याची बाकी थकण्याचा व तिच्या वसुलीचा प्रश्नच तेथें उद्भवत नसे.

आयुर्विम्याच्या कंपन्या निघाल्यावर (मुंबईची ओरिएंटल १८७४ मधील) विमा वर्षानुवर्षें हप्त्यांनीं चालूं लागला. आतां हप्ता चुकल्यास काय? येथें एक समजूत दूर केली पाहिजे. थकलेला हप्ता हें सावकारी अर्थाचें कर्ज नव्हे. पुढील हप्ता भरण्यास विमेदार बांधलेला नसतो. कंपनी फिर्याद न करितां विमाच संपला असें धरी, आणि करारांत निराळी शर्त नसेल तर पूर्वीं भरलेलेंही बुडे. यापेक्षां सावकाराचा तगादा परवडला!

या अन्यायास १९३८ च्या विमा कायद्यानें आळा घातला. कंपनीच्या विम्याचे तीन वर्षांचे सर्व हप्ते भरले असल्यास, कलम ११३ अन्वयें, तो सामान्यतः नाहींसा न होतां कमी रकमेचा होऊन जिवंत राही, व ती रक्कम वारसांस मिळे. (२०१५ च्या दुरुस्तीनें हें मान विनियमांवर सोपविलें आहे.) कलम ५० प्रमाणें, हप्ता चुकल्यापासून तीन महिन्यांच्या आंत कंपनीनें विमेदारास त्याला मोकळे असलेले पर्याय कळवावयाचे, ते पॉलिसींतच लिहिलेले असल्यास मात्र नोटिशीचें कारण नाहीं.

१९६८ च्या दुरुस्तीनें आलेलें कलम ६४ व्हीबी याहून कडक आहे. हप्ता हातीं येण्यापूर्वीं, निदान त्याची हमी वा अनामत मिळण्यापूर्वीं, कंपनीनें जोखीम पत्करूं नये. एजंटानें घेतलेला पैसा सुट्ट्या वगळून २४ तासांत जमा करावा किंवा टपालानें धाडावा. जोखमी हुंडी घेणाऱ्या पेढीस यांत नवें कांहींच वाटलें नसतें.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, कलम ५० ची नोटीस व हप्त्यांच्या पावत्या पॉलिसीपासून वेगळ्या करूं नयेत. शेवटच्या पावतीची व नोटिशीची तारीख शेजारीं असल्यावांचून कंपनीनें मुदत पाळली कीं नाहीं याचा निर्णय करितां येत नाहीं.