दिवा, काटा आणि उस्ताद

औंढ्याहून हिंगोलीकडे येताना आमच्या मेटाडोरचा ऑइलचा लाल दिवा लागला, तेव्हा मी अकरावीत होतो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती; वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. गाडीत हळदीची पोती होती. "वायर हलली असेल," म्हणत अब्बूंनी गाडी तशीच पुढे नेली. दिवा आधीही दोन-चारदा लागून विझला होता, त्यामुळे त्याची भीती उरली नव्हती. गाव थोडंच राहिलं असताना इंजिनातून ठकठक सुरू झाली आणि ते जाम झालं. क्रँकची बेरिंगं जळाली होती. त्या खर्चापायी बहिणीचं लग्न वर्षभर पुढे गेलं. दोष गाडीचा नव्हता. तिने सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं.

इंजिन बांधून देणाऱ्या उस्तादांनी एक अट घातली: डॅशबोर्डवर काट्याचं मीटर बसवायचंच. म्हणाले, "बत्ती सिर्फ चिल्लाती, काटा बात करता."

हे उस्ताद ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकले, त्यांनी निजामी काळातल्या बस डेपोत पाना धरला होता. हैदराबाद संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पुढे १९५८ साली न. के. फिरोदिया यांनी बजाज टेम्पो कंपनी स्थापन केली. 'टेम्पो' हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं. ते आपल्याकडे इतकं रुळलं की मालाच्या प्रत्येक छोट्या गाडीला आपण टेम्पोच म्हणू लागलो. 'मेटाडोर'ही तिकडूनच आलं. मोटारी वाढल्या तशी डेपोतली कारागिरी रस्त्याकडेच्या गॅरेजांत उतरली, आणि त्या गॅरेजांत आपल्या समाजाची कितीतरी पोरं वाढली.

दाब मोजणारा काटा मात्र मोटारीहून जुना आहे. पॅरिसच्या युजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, ते वाफेच्या इंजिनांच्या काळात. आत एक चपटी, वाकवलेली नळी असते. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. पुढे मोटार कंपन्यांनी काटा काढून त्या जागी स्वस्त दिवा बसवायला सुरुवात केली. दिव्याचा स्विच साधा असतो: दाब अगदी तळाला गेला की दिवा लागतो. त्याच्या वर दाब किती आहे, महिन्याभरात किती उतरला, हे दिवा सांगत नाही.

उस्तादांनी त्या दिवशी जे शिकवलं, ते इथे लिहून ठेवतो.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी लाल दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब किंवा वायर गेली आहे, म्हणजे गाडी मुकी आहे. चालत्या गाडीत लागला तर बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. थोडं थांबून, सपाट जागेवर पट्टी काढून ऑइल बघा. कमी असेल तर भरा आणि गळती शोधा. पट्टीवरच्या ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर ते पातळ झालं आहे.

ऑइल पुरेसं असेल तर इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवा आणि स्विचची वायर काढा. तरीही दिवा जळत असेल तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. विझला तर वायर ठीक. मग उरतात दोनच शक्यता: स्विच खराब किंवा दाब खरोखरच कमी. याचा निकाल फक्त काटा देतो.

काटा बसवताना स्विच काढून तिथे 'टी' लावायची; एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला मीटरची नळी. दिवा काढायचा नाही, दोन्ही ठेवायचे. आटे जुळत नसतील तर जोर लावू नका. आट्यांवर टेप जाड गुंडाळली तर स्विचला अर्थिंग मिळत नाही आणि दिवा मुका होतो. तांब्याच्या नळीला इंजिनाजवळ दोन-तीन वेढे द्यायचे, म्हणजे हादऱ्याने ती तुटत नाही. ती सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवायची आणि पत्र्यातून जाते तिथे रबर घालायचं. नळी फुटली तर गरम ऑइल ड्रायव्हरच्या पायावर येतं.

थंड इंजिनात काटा वर असतो, तापल्यावर खाली येतो. तापलेल्या इंजिनात १००० फेऱ्यांमागे साधारण १० पाउंड दाब, हा गॅरेजचा ढोबळ हिशोब. नेमका आकडा प्रत्येक इंजिनाचा वेगळा. चढावर किंवा वळणावर काटा पडला तर ऑइल कमी असून पंप हवा ओढतोय. तापल्यावर स्लोला रोज थोडा थोडा खाली उतरत गेला तर बेरिंगं झिजत आहेत. अशा वेळी महिनाभर आधी कळलं, तर बेरिंग बदलून काम भागतं, क्रँक वाचतो.

आपल्या जलशांत, शाळांच्या कार्यक्रमांत अल-जझरींचं नाव अभिमानाने घेतलं जातं. मीही घेतो. १२०६ साली त्यांनी यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात दोन सिलिंडरचा पाणी उपसणारा पंप आहे. पण ते स्वतः कारागीर होते, आणि दुसऱ्याला तेच यंत्र बांधता यावं म्हणून त्यांनी मापं आणि जोडणी लिहून ठेवली, हे आपण कमी सांगतो. हैदराबादेत १९१७ मध्ये स्थापन झालेल्या दारुल तर्जुमाने उस्मानिया विद्यापीठासाठी विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणली. डेपोतल्या उस्तादांचं ज्ञान मात्र उर्दूतही उतरलं नाही आणि मराठीतही नाही. ते हातातून हातात गेलं. आता त्यांची नातवंडं गॅरेजमध्ये येत नाहीत, आणि यावं असा माझाही आग्रह नाही.

आमचे उस्ताद आता हयात नाहीत. मी त्यांच्याजवळ वही घेऊन कधी बसलो नाही, जे आठवलं तेवढंच वर लिहिलं आहे. तुमच्या घरात, मोहल्ल्यात असा कोणी म्हातारा मिस्त्री असेल तर या जुम्म्यानंतर त्याच्याकडे जाऊन बसा आणि विचारा, काटा कसा वाचायचा. उत्तर त्याच्याच शब्दांत, उर्दूत किंवा मराठीत, लिहून घ्या.