खिळ्याचे माप आणि अक्षराचे माप

खिळ्याचे माप म्हणजे अक्षराचे माप नव्हे. संगणकावर जुळवलेला मराठी मजकूर बारीक का दिसतो, ओळी एकमेकींवर का चढतात, या तक्रारींचे मूळ मला शिशाच्या छपाईतच सापडते.

शिळाछापात हा प्रश्न नव्हता. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते दगडावर. लेखनिक जेवढे अक्षर काढील तेवढे ते उमटे. खिळे आले आणि अक्षराला चौकट आली. देवनागरीला तीन मजले लागतात: मधे अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. मुंबईकडच्या छापखान्यांनी यावर ‘डिग्री’ची तोड काढली. अक्षराचा खिळा वेगळा, वरच्या-खालच्या चिन्हांचे बारीक खिळे वेगळे. जुळारी तिन्ही थर जुळवून एक ओळ उभी करी. १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणाऱ्या जावजी दादाजींच्या खिळ्यांचे वळण पुढे पोथ्यापुस्तकांची ओळखच झाले. बापूराव नाईकांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) या ग्रंथात हा प्रवास विस्ताराने आला आहे.

१९८५ साली पेजमेकर आले. तो रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडवलेला होता. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. पण तो मोजतो चौकट. त्या चौकटीत तिन्ही मजले कोंबायचे तर मधले अक्षर आखडते. म्हणून बारा पॉइंटचे इंग्रजी ठसठशीत वाटते आणि शेजारचे बारा पॉइंटचे मराठी चष्मा शोधायला लावते. शिवाय ओळींचे अंतर आपोआप मापाच्या १२० टक्के धरले जाई. रफारावर वरच्या ओळीचा उकार आदळे. पुण्याच्या सी-डॅकने आणि श्रीलिपी, आकृती यांसारख्या पॅकेजांनी मराठी पडद्यावर आणली खरी, पण प्रत्येकाची अंतर्गत सांकेतिक रचना निराळी आणि चौकटीत अक्षर बसवण्याचा हिशेबही निराळा. पुढे युनिकोडने संकेत एक केले. उंची मात्र एक झाली नाही, कारण ती फाँट घडवणाराच ठरवतो.

भडगावात राहून मी गिरणाकाठच्या गावांच्या पुस्तिका जमवतो: ग्रामदैवतांच्या कथा, वंशावळी, अहिराणी ओव्या. संगणकावर जुळवलेल्या अशा पुस्तिकांच्या फायली आज युनिकोडमध्ये उतरवताना मजकूर फुगतो किंवा आक्रसतो, पाने सरकतात. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. कुणी ‘पृष्ठ ४२’ असा हवाला दिलेला असतो. नव्या प्रतीत ती ओवी ४७ वर जाते. छापील पुस्तिकाच ज्या गावाचे दफ्तर, तिथे पान हरपले की पुरावा हरपतो.

यावर माझी रीत साधी आहे. पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नये. जुनी छापील प्रत घ्यावी आणि शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची पट्टीने मोजावी. एकच अक्षर मोजण्यापेक्षा दहा अक्षरे मोजून सरासरी काढावी. नव्या फाँटमधली तीच ओळ छापून मोजावी; छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद असावा, नाहीतर मापच खोटे येते. जुने अक्षर ४ मिलिमीटर आणि नवे १४ पॉइंटला ३.२ मिलिमीटर भरले, तर १४ ला ४ ने गुणून ३.२ ने भागावे: साडेसतरा पॉइंट. ओळींचे अंतर स्वयंचलित न ठेवता हाताने ठरवावे. ते ठरवताना ‘र्कीं’सारखे वर चढणारे आणि ‘द्ध्रु’सारखे खाली उतरणारे अक्षर एकाखाली एक ठेवून पाहावे. एवढे करूनही पाने तंतोतंत जुळत नाहीत. तेव्हा जुना पृष्ठांक समासात छापावा आणि सूची सर्वांत शेवटी करावी.

जुळारी तिन्ही थर बोटांनी चाचपून बसवी, त्यामुळे कुठे दाटी होते ते त्याला हाताखालीच कळे. संगणकाने ती बोटे काढून घेतली आणि हातात एक आकडा दिला. खानदेशातल्या वाचनालयांत अशा पुस्तिकांचे पुनर्मुद्रण हाती घेणाऱ्यांनी कामाच्या सामानात एक पट्टी अवश्य ठेवावी. बारीक झालेले अक्षर मोठे करता येते. पण मूळ प्रत नीट मोजण्याआधीच रद्दीत गेली, तर ते पूर्वी केवढे होते हे सांगायला कुणी उरत नाही.